साहेबाचा जिताडा

“दोरी बोटावर घे रं, मुठीत नको,” होडीच्या मागच्या टोकावरून बाबा ओरडले. “मुठीला काय कलतंय? बोटाला कलतं.”

हसूरामने मूठ सोडली आणि तंगूस तर्जनीवर घेतला. तंगूस म्हणजे आमची नायलॉनची दोरी. खरं तर त्याला हे सांगायची गरज नव्हती. गरी, म्हणजे गळ, टाकून मासा काढायला आम्ही गरवणं म्हणतो, आणि आमच्या कुसबंदरात गरवायला हसूरामइतका तरबेज पोरगा दुसरा नव्हता. पण त्या सकाळी तो नुसता धांदरटपणा करत होता. एकदा गरीला लावताना जिवंत कोळंबी हातातून निसटली, एकदा दोरीत ओवलेलं शिसं होडीच्या काठावर आपटून एवढा आवाज झाला की बाबांनी कपाळाला हात लावला. मी गालातल्या गालात हसत होते. मला वाटलं, मी समोर बसले आहे ना, म्हणून त्याचं असं होतंय.

होडीत आम्ही तिघंच. मागे वल्ह्यापाशी बाबा, मध्ये मी आणि पुढे तो. कुंडलिका नदी खाडीला मिळायच्या आधी तिथे एक मोठं वळण घेते. वळणाच्या पोटात डोह आहे, आणि डोहाच्या तळाशी दगडांच्या आडोशाला जिताडा असतो. भरती पुरी भरली की पाणी थोडा वेळ थबकतं, वरही जात नाही आणि खालीही उतरत नाही. जिताडा खातो तो तेवढ्या वेळात. पाणी उतरायला लागलं की तो पुन्हा दगडाखाली जाऊन बसतो, मग तुम्ही त्याच्या तोंडापुढे सोन्याची कोळंबी धरा, तो ढुंकून बघत नाही.

आणि आम्हाला तो हवाच होता. माझं लग्न त्या एका माशावर अडलं होतं.

नदीच्या वरच्या अंगाला नवा कारखाना झाला होता आणि तिथे आसपासच्या गावांतली पोरं कामाला घ्यायला सुरुवात झाली होती. हसूराम दहावी झालेला, अंगापिंडाने चांगला, त्याचं नाव लागलं होतं. आता फक्त साहेबाने मान हलवायची बाकी होती. आमच्या भागात साहेबाकडे काम असलं की जिताडा घेऊन जायची रीत. पैसे दिले तर ती लाच, जिताडा दिला तर ते प्रेम. तोही विकतचा नाही, आपल्या हाताने काढलेला. आधीच्या मोरे साहेबांच्या दारात तर म्हणे आठवड्याला एक जिताडा उतरायचा आणि आठवड्याला एक पोरगा कामाला लागायचा. ते मोरे साहेब नुकतेच बदलून गेले होते आणि त्यांच्या जागी कोणी नवीन आले होते. पण साहेब बदलला तरी जीभ थोडीच बदलते, असं बाबांचं म्हणणं.

बाबांची अट सरळ होती. पोरगं कारखान्यात लागलं तर जयवंती त्याची. बोटीवर किंवा आखातात गेलं तर त्याने दुसरी बघावी. माझी थोरली बहीण पद्मी अशाच एकाला दिली होती. तिचा नवरा दोन वर्षांतून एकदा तोंड दाखवायचा, सोबत एक रेडिओ आणि अत्तराची बाटली आणायचा, आणि पोराला ‘हे तुझे पप्पा’ म्हणून ओळख करून द्यावी लागायची. बाबांनी ते एकदा पाहिलं आणि कानाला खडा लावला.

“पानी थांबलं,” बाबा म्हणाले. “सोडा आता.”

आम्ही दोघांनी गऱ्या सोडल्या. मी होडीच्या उजव्या अंगाने, त्याने डाव्या. शिसं तळाला लागलं की बोटाला कळतं. चिखल असला तर ते अलगद बसतं, दगड असला तर टक्क करतं. बाबांची शिशाची गोळी आरपार भोक पाडलेली असायची आणि तंगूस तिच्यातून मोकळा सरकायचा. शिसं तळाशी पडून राहणार, आणि मासा कोळंबी तोंडात घेऊन चालू लागला तरी त्याला ओझं जाणवणार नाही. ओझं जाणवलं की जिताडा लगेच थुंकतो, फार संशयी जात. म्हणून पहिली ओढ आली की उलट दोरी सोडायची. जाऊ दे म्हणायचं. त्याने पुरतं गिळेपर्यंत जाऊ द्यायचं आणि मग झटका. सांगायला सोपं आहे, पण हात आपसूक मागे येतोच.

दुसरा एक नियम होता. एका होडीत दोन गऱ्या असल्या आणि एकीला मासा लागला, तर दुसऱ्याने आपली दोरी लगेच ओढून घ्यायची, नाहीतर गुंता होतो. आपल्यालाही त्याच वेळी ओढ लागलेली असली तरी घ्यायची. त्यात मानापमान नाही.

आम्ही दोरीवर बोट ठेवून बसलो. लांब खाडीच्या तोंडाकडून एक मालवाहू बार्ज चाललं होतं, समुद्राच्या दिशेने. हसूराम त्याच्याकडे बघत होता.

“जयी,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुना कईं वाटत नाय गो, कुठंतरी जावं?”

“वाटतं ना. नागोठण्याला जावं वाटतं. तिथं बांगड्या चांगल्या मिलतात.”

“नागोठण्याला नाय. लांब.”

“मंग पेनला.”

तो हसला. पण बार्ज वळणाआड जाईपर्यंत त्याने मान वळवली नाही. बाबांनी डोळे मिटले होते. ते झोपले नव्हते, आमच्या बोलण्याला जागा देत होते, एवढं मला कळत होतं. म्हणून मी पुढे सरकून म्हणाले, “कारखान्यात लागलास का आपल्याला क्वार्टर मिलंल. दोन खोल्या असतात. मोरीला नल असतो.”

“हां.”

“आनि भोंगा झाला का तू घरी येशील. पद्मीसारखं वाट बघायला नको.”

“हां,” तो म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याच्या बोटावरचा तंगूस थरथरला. मला तो समोरून दिसला. एकदा, मग पुन्हा, आणि मग दोरी सरळ पाण्यात चालू लागली.

मी चटकन माझी गरी ओढून घेतली. बाबांचे डोळे उघडले. “सोड, सोड, सोड,” ते पुटपुटले. “जाव दे त्याला. जाव दे.”

हसूरामने सोडली नाही. त्याने तिथल्या तिथे झटका मारला. दोरी एकदम सैल पडली आणि गरी रिकामी वर आली, कोळंबी नाही, काही नाही.

बाबांनी त्याला काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या सात पिढ्या त्या होडीत येऊन बसल्या. “आरं शेंबड्या पोराला पन कलतं! तुना आज झालंय काय? हात का पाय रं तो?”

हसूराम खाली मान घालून नवी कोळंबी लावत होता. “चुकलो, काका.”

“चुकलो काय? पानी तुज्या बापाचा नोकर हाय, थांबून ऱ्हायला?”

मला त्याची दया आली. एवढी घाई झालीय त्याला माझ्यासाठी, असं वाटलं, आणि अंगावर मूठभर मांस चढलं. मी पुन्हा गरी सोडली. शिसं दगडावर टक्क वाजलं. मी दोन हात दोरी ओढली, ते चिखलात जाऊन बसलं. आणि मी मनातल्या मनात गावदेवीला सांगितलं की बाई, माझ्या गरीला दे, त्याच्या हाताला आज कंप आहे.

पाणी उतरायला लागलं होतं. होडीजवळून एक झावळी अगदी सावकाश समुद्राकडे निघाली. बाबा म्हणाले, “झालं आता,” आणि ते नांगर ओढायला वाकणार, तेवढ्यात माझ्या बोटाला कळलं.

ती ओढ नव्हती. कुणीतरी दोरीच्या त्या टोकावर हात ठेवावा तसं काहीतरी होतं. मी श्वास रोखून बोट सैल केलं. दोरी निघाली. दोन्ही हात पसरून मोजतो ती एक वाव गेली, दुसरी गेली. बाबा नुसता हात वर धरून राहिले. मग दोरी थांबली. मी मनात देवीचं नाव घेतलं आणि झटका मारला.

पुढचं मला नीट आठवत नाही. म्हणजे सगळं आठवतं, पण त्याची सांगड लागत नाही. तंगूस बोटात रुतला होता. मासा एकदा पाण्याबाहेर आला, आख्खाच्या आख्खा, आणि त्याने डोकं असं झाडलं की मला वाटलं गेला. चांदीसारखा पांढरा, आणि त्याचा डोळा पेटल्यासारखा. बाबा “दे, दे, आता घे, घे!” म्हणत होडीत उभे राहिले होते आणि होडी डुलत होती. हसूरामने आपली गरी ओढून घेतली होती आणि हातजाळं घेऊन तो काठावर ओणवा झाला होता.

मासा दमला. मी त्याला होडीला आणला. तो कुशीवर पडून पाण्याच्या वरच होता, हसूरामच्या हातापासून वीतभर.

“घाल जालं,” मी म्हणाले.

तो तसाच ओणवा राहिला.

“अरे घाल ना! कल्ल्याने तंगूस कापंल तो!”

जिताड्याच्या कल्ल्याची कडा ब्लेडसारखी असते, दोरी एकदा तिच्यावर आडवी आली की संपलंच. हसूरामने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांतून रक्त येत होतं, केस तोंडावर आले होते, आणि मी हसत होते की रडत होते मला ठाऊक नाही. बहुतेक दोन्ही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माशाकडे पाहिलं, आणि जाळं त्याच्या पोटाखाली घालून एका हिसक्यात वर घेतलं.

“शाब्बास!” बाबा म्हणाले. “पोरगी माजी हाय, पन मासा तुजा. जा, दे साहेबाला आनि घे नोकरी.”

होडी बंदराला लागली तेव्हा ऊन वर आलं होतं. आम्ही जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळला. हसूरामने हातपाय धुतले, घरून स्वच्छ शर्ट घालून आला, पँट बदलायची राहिलीच. दुपारच्या एसटीत तो बसला तेव्हा गोणपाट त्याच्या मांडीवर होतं आणि कंडक्टर नाक मुरडून मग मोठ्या आदराने विचारत होता, “जिताडा काय?” मी बोटाला फडकं बांधून उभी होते. गाडी हलली तेव्हा मी हात केला. त्यानेही केला.

संध्याकाळी तो परत आला आणि सरळ आमच्या अंगणात आला. तोवर माणसं जमली होतीच, बातमी थोडीच लपून राहते. बाबांनी विचारलं, “मंग?”

हसूराम ओट्यावर बसला. पाणी प्याला. म्हणाला, “साहेब बामन निघाला.”

“आं?”

“बामन. शाकाहारी. कांदा-लसून पन नाय.”

मग त्याने जे सांगितलं, ते अजून आमच्या गावात लग्नाकार्यात सांगतात. साहेबाच्या बायकोने दार उघडलं. नऊवारी नेसलेली, कपाळावर हे एवढं कुंकू. त्याने म्हटलं, साहेबांसाठी भेट आणलीय. तिला वाटलं कलिंगड असेल. तिने हौसेने गोणपाटाचं तोंड उघडलं आणि आतून जिताड्याने तिच्याकडे बघितलं. “शिव शिव शिव!” म्हणून ती जी किंचाळली, ती आत देवघरापर्यंत पळाली. साहेब धोतराने तोंड पुसत बाहेर आला. त्याने बघितलं, मटकन खुर्चीत बसला आणि म्हणाला, “अरे, हे प्रेत आधी बाहेर ने!” मग बायकोने आतून तांब्या आणला आणि हसूराम उभा होता त्या पायरीवर, त्याच्या चपलांवर, पार फाटकापर्यंत तुळशीचं पाणी शिंपडत त्याला घालवून दिलं. “आनि नोकरी?” असं त्याने फाटकाबाहेरून विचारलं तर साहेब म्हणाला, “तुझं नाव या घरात पुन्हा काढू नकोस, आंघोळ करावी लागते!”

हसूराम उठून उभा राहून हे करून दाखवत होता. बायकोची किंकाळी, साहेबाचं मटकन बसणं, पाणी शिंपडणं. लोक पोट धरून हसत होते. बाबा आधी चिडले, मग त्यांनाही राहवेना, धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. मीसुद्धा हसले. एवढं हसले की आत जाऊन पडवीत रडले, आणि ते कुणाला वेगळं कळलं नाही.

“आनि मासा?” कोणीतरी विचारलं.

“वाटेवर माज्या आक्काकडे देऊन आयलो. तिची पोरं तरी खातील.”

महिना व्हायच्या आत तो मस्कतला गेला. एजंट, पासपोर्ट, सगळं कसं पटापट जुळून आलं. जायच्या आदल्या दिवशी तो बंदरावर भेटला. मला वाटलं होतं, दोन वर्षं थांब म्हणेल. मी थांबले असते. बाबांशी भांडले असते, उपाशी राहिले असते, पद्मीसारखी अत्तराची बाटली उशाशी ठेवून झोपले असते. तो म्हणाला, “जयी, तू थांबू नको.”

“कोन थांबतंय?” मी म्हणाले. तेव्हापासूनच जीभ अशी आहे माझी.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. माणूस सोन्यासारखा, आवाज चढवून बोलले नाहीत कधी. निवृत्त झाल्यावर आम्ही अलिबागला खानावळ काढली, ते गल्ल्यावर बसतात आणि मी रांधते. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माणसाच्या मनात एक घर असतं जिथे त्याला कधी राहायला मिळालं नाही. माझं घर त्या कारखान्याच्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, मोरीला नळ. दळण निवडत बसले की मी तिथे जायची. भोंगा व्हायचा, सायकल दाराशी लागायची, आणि हसूराम रिकामा डबा हातात देऊन विचारायचा, जयी, आज काय? इतकी वर्षं मी त्याला तिथे जेवायला वाढलं. आणि मनाची समजूत अशी की यात कुणाचाच दोष नव्हता. त्याला राहायचं होतं, मला तो हवा होता, बाबा तयार होते. एका परक्या माणसाने मासा खाल्ला नाही, बस्स. या समजुतीत फार सुख होतं. रडू यायचं, पण त्या रडण्याला चव होती.

तो अधूनमधून गावी यायचा. पुढे लग्न केलं, पनवेलला घर बांधलं. एकदा माझ्या भाचीच्या हळदीला समोर आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं. लोकांनी त्याला सोडलं नाही, म्हणाले, ती साहेबाची गोष्ट सांग. त्याने सांगितली. पण उठून उभा राहिला नाही, नक्कल केली नाही. पत्रावळीकडे बघत बघत सांगितली आणि भरकन संपवली. मला वाटलं, मी समोर बसले आहे, म्हणून.

खानावळीत मात्र ती गोष्ट माझी झाली. जिताडा हल्ली महाग आणि दुर्मीळ, ज्या दिवशी असेल त्या दिवशी दाराशी पाटीवर लिहितो. तो ज्याने मागवला त्याला मी ताटाबरोबर गोष्टही वाढते. मुंबई-पुण्याची माणसं खूश होतात. आमचे हे गल्ल्यावरून दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात. त्यांना हसूराम माहीत आहे. बाकीचंही माहीत असावं, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

एके दिवशी दुपारी एक म्हातारी बाई मुलगा-सुनेबरोबर आली. गोरी, ताठ, बॉब केलेले पांढरे केस. तिने पाटी वाचली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, “जिताड्याचं डोकं आहे का हो? कालवणात? मला डोकंच द्या.”

डोकं मागणारं गिऱ्हाईक म्हणजे जाणकार. मी स्वतः वाढलं. तिने इतक्या निगुतीने खाल्लं की एक काटा वाया गेला नाही. मला भारीच आनंद झाला आणि मी जवळची खुर्ची ओढून गोष्ट सुरू केली. नदी, होडी, माझी गरी, गोणपाट, एसटी. मग दार उघडतं, नऊवारी, कुंकू, शिव शिव शिव. सून खदाखदा हसत होती. मुलगा ठसका लागून पाणी पीत होता. बाईसुद्धा हसत होती, पण हसता हसता तिने हात वर केला.

“थांबा, थांबा. कुठला म्हणालात हा कारखाना?”

मी सांगितलं.

“आणि कोणत्या साली?”

मी तेही सांगितलं. मोरे साहेब बदलून गेल्यावर लगेचचीच गोष्ट.

ती मुलाकडे बघून म्हणाली, “ऐकलंस? अरे, हे म्हणजे तुझे बाबा!” आणि मग माझ्याकडे वळून, “अहो बाई, मोऱ्यांच्या जागी आमचेच हे आले होते. कामत. आम्ही कारवारचे! माशाशिवाय एक दिवस घास उतरायचा नाही त्यांच्या घशाखाली. आणि नऊवारी मी जन्मात नेसले नाही.”

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. तोंडाला सवय असते.

“आता कळलं मला!” ती टेबलावर थाप मारून म्हणाली. “तिथे आम्ही तीन वर्षं होतो. मोऱ्यांच्या घरी म्हणे जिताड्यांची रीघ असायची, आणि आमच्या दारात कोणी शेपूट आणलं नाही. लोक काय आणायचे ठाऊक आहे? पेढे! नारळ! मी ह्यांना म्हणायचे, आपलं काय हो चुकलं? कोणा मेल्याने ही गोष्ट उठवली होती!”

“मग ज्याने सांगितली,” मी विचारलं, “तो पोरगा आलाच नव्हता का तुमच्याकडे?”

तिची बोटं चाटायची राहिली.

“एक आला होता,” ती म्हणाली. “अगदी आम्ही सामान लावत होतो त्या दिवसांत. म्हणून लक्षात राहिला, आणि दुसरं म्हणजे, सगळं जग नाव लावायला यायचं, हा नाव काढायला आला होता. ह्यांना म्हणाला, साहेब, माझं नाव काढून टाका, मला परदेशात जायचंय. ह्यांनी समजावलं, अरे, घराजवळची नोकरी आहे, का सोडतोस? तर म्हणाला, मला इथे राहायचंच नाही. पण घरी सांगता येत नाही. गावात कोणाला बोलू नका.”

“त्याच्या हातात काही होतं?”

“छे. रिकामा होता. पण पँटीला खवले चिकटलेले होते, हे एवढे मोठे. मी चहा दिला त्याला आणि थट्टेने म्हटलं, मासे पकडतोस वाटतं, मग येताना आणायचास की रे एखादा! तर तो असा बघत राहिला माझ्याकडे. आणि डोळे भरून आले हो त्याचे. मला काही कळेचना, माझं काय चुकलं.”

मी उठले. सोलकढी आणते म्हणाले आणि आत गेले. राग आला, इतका की हातातली वाटी मी मोरीत भिरकावली. त्या होडीतला त्याचा झटका मला आता कळला. घाईने मारलेला नव्हता तो. मासा लागू नये म्हणून मारला होता. आणि मी देवीला म्हणत होते की त्याच्या हाताला कंप आहे, माझ्या गरीला दे. मी त्याला बांधायला दोरी वळत होते, आणि तो समोर बसून बार्ज बघत होता.

माझ्या दोन खोल्या, नळ, सायकल, सगळं एका घासाबरोबर गेलं. मी तिथे कोणाला जेवायला वाढत होते?

मग बऱ्याच वेळाने दुसरी गोष्ट मनात आली. मासा होडीला लागला होता तेव्हा. तो कुशीवर होता, जाळं हसूरामच्या हातात होतं. नुसता एक क्षण आणखी थांबला असता तर कल्ल्याने तंगूस कापला असता, आणि त्याला ना साहेबाकडे जावं लागलं असतं, ना खोटं बोलावं लागलं असतं. त्याने वर माझ्याकडे पाहिलं आणि जाळं घातलं. तो मासा त्याने मला घालवू दिला नाही. माझ्याजवळ राहणं त्याला जमत नव्हतं, आणि मला नको म्हणणंही. म्हणून त्याने सगळा दोष उचलून एका बिचाऱ्या मासेखाऊ साहेबावर घातला आणि गावाला हसायला लावलं. नक्कल करताना तो घामाने भिजला होता, ते मला आठवतं.

सोलकढी घेऊन मी बाहेर आले. बाई म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटलं का हो? मी उगीच बोलले.”

“छे हो,” मी म्हणाले. “गोष्टच ती.”

जाताना तिने माझा हात हातात घेतला, थोडा जास्त वेळ. आमचे हे गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. संध्याकाळी म्हणाले, “उद्यापासून पाटीवर जिताडा नको लिहायला?”

“का?” मी म्हणाले. “धंदा आहे.”

दुसऱ्या दिवशी पुण्याची चार पोरंपोरी आली, समुद्रावरून उन्हाने लाल होऊन. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, इथली मावशी ताटाबरोबर एक भन्नाट गोष्ट सांगते. मी नाही म्हणाले, काम आहे म्हणाले. ती ऐकेनात. गल्ल्यावर आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

मग मी पदर खोचला आणि सांगितली. जशी त्याने पहिल्यांदा अंगणात सांगितली होती तशीच, उभी राहून. नऊवारी नेसलेली बाई किंचाळली, साहेब मटकन बसला, मी तांब्या घेऊन पोरांच्या चपलांवर पाणी शिंपडलं. ती हसून हसून टेबलावर पडली.

त्यातल्या एका पोरीने डोळे पुसत विचारलं, “मावशी, पण साहेब मासे खाणारा असता तर?”

“तर तो राहिला असता,” मी म्हणाले, आणि भात आणायला आत गेले.